पैजेत गेलेली सुट्टी

सौदीत, खमीस मुशैतला आल्या दिवशीच भावोजींनी मला बजावलं होतं, "इथे पैसे लावून काही खेळायचं नाही. सापडलास तर आधी कोठडी, मग विमानात बसवून घरी." भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका इस्पितळाच्या चिलर प्लांटवर, म्हणजे एसीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रांवर, ते ऑपरेटर होते. त्यांनीच कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या ऑफिसात शब्द टाकून मला त्याच प्लांटवर लावून घेतलं. त्यामुळे गावात आमच्याकडे त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि मीही कधी पडू दिला नाही.

आम्ही एकाच खोलीत राहायचो. सोबत एक मल्याळी वेल्डर आणि लखनौकडचा एक प्लंबर. पैशाची नाही, पण पैज आमच्या खोलीत लागायची. ती सिनेमाच्या बक्षिसांवर. हिंदी सिनेमाचा मोठा पुरस्कार सोहळा मुंबईत होतो, त्याचं शूटिंग करून ठेवतात आणि आठवडाभराने टीव्हीवर दाखवतात. तोवर निकाल जगाला फोनवर कळलेला असतो. म्हणून आमचा नियम होता: सोहळा झाल्यापासून तो टीव्हीवर लागेपर्यंत कोणी बातम्या उघडायच्या नाहीत, व्हॉट्सॲपचे ग्रुप बघायचे नाहीत, गावाकडे फोन केला तरी तो विषय काढायचा नाही. नट, नटी, सिनेमा, गाणं, जे ते आधी बोलून ठेवायचं. हरेल त्याने महिनाभर सगळ्यांची भांडी घासायची, नाहीतर शुक्रवारचं मटण करायचं.

मी सहसा हरत नसे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या टॉकीजवर तिकीट खिडकीत बसायचे. पहिल्या खेळाला बाहेर पडणाऱ्या लोकांचे चेहरे बघून ते सांगायचे, हा आठवडा काढेल, हा सोमवारी उतरणार. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकलेलं. टॉकीज बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालं, तरी आबांचा नाद गेला नाही. फोनवर प्रकृतीची चौकशी केली की म्हणायचे, "ते राहू दे. नवीन कुठला बघितलास?" खमीसशेजारच्या अभा शहरात मॉलमध्ये थिएटर झालं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. पडदा केवढा, खुर्च्या कशा, मध्यंतर करतात की नाही, सगळं विचारून घेतलं.

त्या वर्षी माझी आणि भावोजींची सुट्टी एकदमच पडली. आमच्या कंपनीत दोन वर्षांनी दोन महिने मिळतात. आमच्या जागी काम करायला दुसऱ्या साइटवरचा एक फिलिपिनो होता, तो एकाची जागा भरू शकत होता, दोघांची नाही. कॅम्प बॉसने आम्हाला बोलावून सांगितलं, एक जण एप्रिल-मे जाईल, दुसरा तो परत आल्यावर. तुम्ही एकाच घरातले, आपसांत ठरवा.

आम्ही ठरवू शकलो नाही. मला एप्रिल-मे हवा होता. आबा थकले होते, आणि त्यांची कलमं त्या वर्षी चांगली धरली होती. आंबे उतरवताना तू झाडाखाली उभा राहा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण भावोजींसमोर हे बोलायचं कसं? ज्यांनी नोकरी दिली त्यांना मागे थांबा म्हणून सांगायचं? मी म्हणायचो, "तुम्ही जा." ते म्हणायचे, "नको, तू जा." असे तीनचार दिवस गेले. शेवटी मल्याळी वेल्डर वैतागून म्हणाला, "क्यों लखनौ के नवाब बने हो दोनों? अवॉर्ड आ रहा है. बेट लगाओ, खलास!"

प्लंबर त्याच्या गावाचं नाव आल्यामुळे हसला. भावोजींनी मात्र ते उचलून धरलं. "चालेल. बेस्ट ॲक्टर कोण, एवढ्यावरच. जिंकेल तो आधी जाईल. मग मागे कुरकुर नको कोणाची." मला बरंच वाटलं. मागावंही लागणार नव्हतं आणि मी जिंकणारही होतो. मी एका तरुण नटाचं नाव घेतलं. भावोजींनीही तेच घेतलं असतं तर पंचाईत झाली असती, पण त्यांनी दुसऱ्याचंच घेतलं. त्यांचा हिरो तर मला स्पर्धेतही वाटत नव्हता.

सोहळा झाला. नियमाप्रमाणे आम्ही फोन सांभाळून वापरत होतो. टीव्हीवर लागायचा तो शुक्रवार. जेवणं उरकून चौघे बसलो. कार्यक्रम सुरू होता होता भावोजी म्हणाले, "मी माझं नाव बदलतो."

"आता?" मी म्हटलं.

"पडदा उघडेपर्यंत बदलता येतं ना? मी त्या म्हाताऱ्यावर लावतो."

म्हातारा म्हणजे एक जुना चरित्र नट. एका छोट्या सिनेमात त्या वर्षी तो पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत होता. त्याला मिळावं असं मलाही मनातून वाटत होतं, पण मिळणार नाही याचीही खात्री होती. वेल्डर मांडीवर थाप मारून हसला. मीही हसलो. म्हटलं, "बदला, बदला."

तो म्हाताराच स्टेजवर चढला. सगळं सभागृह उभं राहिलं. भावोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे. नशीब असतं एकेकाचं."

ते एप्रिलमध्ये गेले. आबांना मी फोनवर सांगितलं, प्लांटवर काम निघालंय, जूनमध्ये येतो. ते म्हणाले, "जूनमध्ये आंबा नसतो. पण ये."

मे महिन्यात आबांना ताप आला. दोन दिवस घरीच काढले, मग रत्नागिरीला हलवलं. जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. मी ऑफिसात गेलो. बदली माणूस आधीच भावोजींच्या जागी अडकलेला, इस्पितळाचा प्लांट बंद ठेवता येत नाही, बाहेर उन्हाळा. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चहा दिला आणि 'बुकरा' म्हणाला, म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही तो 'बुकरा'च म्हणाला. एक्झिट-रीएन्ट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, शिक्का पडायच्या आधी आबा गेले.

चुलत भावाने व्हिडिओ लावला होता. मी प्लांटवर पॅनेलसमोर उभा होतो आणि मशीनच्या आवाजात मला भटजींचं काही ऐकू येत नव्हतं. दिसत तेवढं होतं. भावोजींच्या खांद्यावर मडकं होतं. ते आबांभोवती फिरले. अग्नीही त्यांनीच दिला. मी एकुलता एक मुलगा. मी खिशातला रुमाल काढून फोनची काच पुसत होतो, कारण मला वाटलं काचच धुरकट झालीये.

त्या वेळी माझ्या मनात त्यांच्याबद्दल फक्त उपकाराची भावना होती. निदान कोणीतरी घरचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते परत आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. कोणाला खोटं वाटेल, पण खरंच पडलो.

जूनमध्ये मी घरी गेलो. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा. "जावई नाही हो, मुलगाच म्हणायचा. इस्पितळात रात्रंदिवस उशाशी." मी मान हलवायचो. ताई आमच्याकडेच राहायला आली होती. एकदा दुपारी आम्ही दोघं आबांची ट्रंक आवरत होतो. तिच्यात जुन्या सिनेमांची पोस्टरं निघाली, टॉकीज बंद झाली तेव्हा त्यांनी उचलून आणलेली. ताई सहज बोलून गेली, "आबांना या वेळचा बक्षिसाचा निकाल भारी आवडला होता. त्या म्हाताऱ्या नटाला मिळालं म्हणून पोरासारखे खूश. मी ह्यांना फोनवर सांगितलं तर हे पण एवढे खूश झाले, की मला कळेना, ह्यांना कधीपासून सिनेमाचं एवढं!"

मी विचारलं, "कधी सांगितलंस?"

"निकाल लागला त्याच रात्री. ह्यांनीच विचारलं ना, बेस्ट ॲक्टर कोणाला मिळालं बघ जरा म्हणून. का रे?"

"काही नाही," मी म्हटलं.

ताईला पैज माहीत नव्हती. तिला अजूनही माहीत नाही. तिचं घर अर्धवट होतं आणि पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा होता, हेही मला तिथेच कळलं. भावोजींनी स्लॅब टाकून घेतला होता. दारापुढे वाळूचा उरलेला ढीग भिजत पडला होता.

खमीसला परतल्यावर मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, खोलीत बाकी कोणी नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला निकाल आधीच माहीत होता."

त्यांनी सुरी थांबवली नाही. "कोण म्हणालं?"

"ताई. तिला काही कळलेलं नाही. सहज बोलली."

"अरे, गंमत होती ती खोलीतली. तू काय घेऊन बसलास?"

"भांडी घासायची गंमत होती. ही सुट्टी होती."

तेव्हा त्यांनी सुरी ठेवली. "मग मागायची होतीस. सांगायचं होतंस, मला आधी जायचंय. मी काय नाही म्हटलं असतं?"

"तुम्ही मागितली असतीत तर मीही दिली असती. स्लॅबसाठी म्हणून सांगायचं होतंत."

त्यांनी चिरलेला कांदा कढईत टाकला, ढवळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि काय वाईट झालं? तुझ्या बापाचं सगळं मीच केलं ना? तू असतास तर वेगळं काय केलं असतंस?"

मी जिना उतरून खाली गेलो आणि बराच वेळ कॅम्पच्या भिंतीशी उभा राहिलो. मारामारी करावी इतका राग होता, आणि ज्याच्यावर हात उचलायचा त्याच्याच हाताने माझ्या बापाला अग्नी मिळाला होता.

पुढच्याच महिन्यात मी जेद्दाच्या साइटवर बदली मागून घेतली. आता तिथल्या शराफिया भागाजवळ राहतो. भावोजींचा फोन सणावाराला येतो. मी "बरं आहे ना" विचारतो, ते "बरं आहे" म्हणतात. अजूनही 'तुम्ही'च म्हणतो, अरेतुरे करायला जीभ वळत नाही. आबांनंतर सिनेमाही बघावासा वाटत नाही.

ताईच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मी गेलो नाही. सुट्टी मिळत होती, तरी गेलो नाही. तिला कुठून तरी ते कळलं. फोनवर आधी रडली, मग चिडली. म्हणाली, "ज्यांनी तुला कामाला लावलं, ज्यांनी आबांना खांदा दिला, त्यांच्या घराला तुझे पाय लागत नाहीत? एवढा कसला माज आलाय रे तुला तिकडे?"

मी म्हटलं, "ताई, प्लांटवर काम होतं."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने स्वतःहून केलेला नाही.