झोपलं की दुसरीकडे उठतं

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला आमच्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवायचे. नऊ-दहा मुलं असायची. दुपारी एक ते तीन झोपेची वेळ. खिडकीवर जुनी चादर टाकायची, पंखा लावायचा, सतरंजीवर ओळीनं गोधड्या घालायच्या. दहा मिनिटांत सगळी गाढ. त्याचा मला थोडा गर्वच होता.

ती आली तेव्हा चार वर्षांची होती. तिची आत्या शाळेत शिकवायची, तीच सोडायला यायची. "भावाची मुलगी, मनमाडहून आणलीय," एवढंच म्हणाली. मुलगी रडली नाही, हट्ट केला नाही, वरणभात मुकाट्यानं खाल्ला. पण झोपेच्या वेळी आडवी झाली ती छताकडे बघत राहिली. दोन तास. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आत्या सांगायची, रात्री बसल्या बसल्या पेंगते, मान कलली की दचकते आणि भिंतीला हात लावून बघते.

एका दुपारी माझाच डोळा लागला. नाकाखाली काहीतरी हललं म्हणून जाग आली. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि बोट माझ्या नाकाखाली धरलेलं. मी केवढ्यानं तरी दचकले. ती जागची हलली नाही.

"काकू, तुम्ही इथंच उठलात," ती म्हणाली. मी काही अवघड गोष्ट करून दाखवली असावी, असा तिचा सूर होता.

पुढच्या आठवड्यात मी भांडी आवरून बाहेरच्या खोलीत आले. खोली नेहमीसारखी शांत, चादरीतून पिवळट उजेड येत होता. मुलं ओळीनं निजली होती. एकाची गोधडी सारखी करायला वाकले तर त्याचे डोळे टक्क उघडे. शेजारच्याचेही. त्याच्या पलीकडच्याचेही. चुळबूळ नाही, खुसखुस नाही. सगळी मुलं नुसती वर बघत पडली होती.

सगळ्यात धाकटा अडीच वर्षांचा होता. डोळे मिटू नयेत म्हणून तो स्वतःचा गाल चिमटीत धरून होता.

"काय झालं रे बाळा?"

"ताईनं शांगितलं," तो अगदी हळू बोलला. "झोपलं की दुशलीकडे उथतं."

ती मुलगी तेवढी भिंतीशी बसली होती. फ्रॉकचा मागचा बंद तिनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता. गाठीवर गाठ, पाच-सहा गाठी.

संध्याकाळी आत्याला मी आत बसवलं आणि सगळं सांगितलं. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "वहिनीला एकाएकी जास्त झालं. दवाखान्यात न्यायचं होतं. ही झोपलेली. रडारड नको म्हणून भावानं तशीच उचलली आणि गाडीत घालून माझ्याकडे पोचवली. ही उठली ती माझ्या घरात. तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या."

"आणि हिला?"

"आई गावाला गेलीय, असं सांगितलंय. लहान आहे हो. तिला काय कळतंय?"

मला आत्यावर रागावता येईना. नवीन मूल आलं की त्याच्या आईला मीच शिकवायचे, 'ते खेळात रमलं की हळूच निघून जा, म्हणजे रडत नाही.'

आत्यानं हे कळवल्यावर मुलीच्या वडिलांनी त्या रविवारी तिला घेऊन मनमाडला यायला सांगितलं. आत्याचा धीर होईना, म्हणून मीही गेले. ओढा, निफाड, लासलगाव अशी स्टेशनं. गाडी थांबली की ती खिडकीतून फलाट न्याहाळायची, एकदाही पेंगली नाही. वडील रेल्वेत कामाला होते. क्वार्टरचं दार त्यांनी उघडलं. मुलगी कुठेही शोधत फिरली नाही. सरळ आतल्या खोलीतल्या कॉटवर गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मी इथं झोपले होते. आता परत झोपते. उठले की आई असेल."

आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांची जागी पोर क्षणात दगडासारखी झोपली. आम्ही तिघं तिथंच बसलो. भर दुपार होती, बाहेर इंजिनांचं शंटिंग चाललं होतं, आणि मला त्या लहानशा पाठीची इतकी भीती वाटत होती की नजर काढता येत नव्हती. ती उठणार, वळणार आणि बघणार. वडील पुटपुटले, "आत्ताच उचलून नेऊ का परत? उठायच्या आत?"

"नका," मी म्हणाले. "या वेळी नका."

दीड तासानं ती उठली. खोली बघितली. दाराकडे बघितलं. वडिलांनी तिला मांडीवर घेतलं. "आई आजारी पडली आणि मेली बाळा. ती येणार नाही. तू झोपलीस म्हणून गेली नाही ती. आम्ही खोटं सांगितलं होतं."

ती ओरडली. आमच्याकडे कधीच न रडलेली मुलगी अशी रडली की शेजारच्या बायका धावत आल्या. वडीलही रडले. कुणी तिला गप्प केलं नाही.

त्यानंतरही ती लगेच झोपायला लागली नाही. रोज दुपारी मी शेजारी बसून सांगायचे, "मी तीनपर्यंत इथंच आहे. तू इथंच उठशील. आत्या पाच वाजता येईल." रोज तेच शब्द, बदल न करता. बाकीची मुलं हळूहळू झोपू लागली. ती महिन्यानंतर झोपली, माझ्या साडीचा काठ मुठीत घट्ट धरून.

पाळणाघरातला नियमही मी बदलला. आईबापांनी मुलाला सांगून जायचं, ते रडलं तरी. पहिले काही दिवस सकाळी एवढा आकांत व्हायचा की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. दोन आयांनी मुलं काढून दुसरीकडे घातली. मी नियम ठेवला.