बदामाच्या दुर्रीवरचं माप

मास्तरांनी आयुष्यात पत्त्यांचा एक डावही खेळला नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना पत्तेवाले मास्तर म्हणायची. कोपऱ्यावरच्या क्लबातले जुने कॅट तिथला शिपाई त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात आणून टाकायचा आणि मास्तर त्यातलं एक पान वाया जाऊ देत नसत. राण्या-गुलामांना खाचा पाडून त्यांवर दोरा गुंडाळायचा, काळ्या पानांवर बटणं टाचायची, डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली तर चार राजे कायमचे मुक्कामाला होते. दुर्री-तिर्री मात्र राखीव, कारण त्यांवर पांढरी जागा भरपूर. तिथे गिऱ्हाइकांची मापं लिहायची. हाताळून गुळगुळीतपणा गेलेल्या पानावर बॉलपेन छान उमटतं. एकदा दुर्री-तिर्री संपल्या म्हणून मुख्याध्यापकांचं माप जोकरवर उतरवलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि गिऱ्हाईक तुटलं.

एकदा लिहिलेलं माप मास्तर पुन्हा घेत नसत. पानावर आहे म्हणजे आहे, विषय संपला.

मुलीचं माप बदामाच्या दुर्रीवर होतं, छाती छत्तीस. अकरा वर्षांपूर्वी ती बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली आणि मास्तरांनी घरात तिचं नाव काढायची चोरी करून ठेवली. आई वारली तेव्हा ती दारापर्यंत आली होती. मास्तर उठले नाहीत, ती तशीच परत गेली. पान मात्र त्यांनी फाडलं नाही.

मग एका दुपारी जावई पहिल्यांदाच दुकानात आला. उभ्याउभ्याच त्याने सांगितलं, की ती फार आजारी आहे, डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितलाय. तिला सारखी थंडी वाजते, बाबांच्या हातचा कोट हवाय म्हणते. एकदा येऊन माप घ्या.

"माप आहे माझ्याकडे," मास्तर बॉबिन भरत म्हणाले.

जावई आल्या पावली निघून गेला. आता याला काय म्हणावं? तो काय मापासाठी बोलवायला आला होता? एवढं मास्तरांनाही कळत होतं, पण हट्ट नावाची वस्तू माणूस म्हातारा झाला तरी जुनी होत नाही. मास्तरांनी दुर्री समोर ठेवली आणि दहा दिवस खपून निळा कोट शिवला. असा कोट त्यांनी कुणासाठीच शिवला नव्हता.

तो द्यायला मात्र ते स्वतः गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात, खिडकीशी लावलेल्या खाटेवर ती बसली होती. जावयाने कोट तिच्या अंगावर चढवला. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बाहीतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. मास्तर खाटेच्या कडेला बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. कोटाबद्दल म्हणाले की सगळ्याबद्दल, ते तिने विचारलं नाही.

"सैल कपडा उबदार असतो, बाबा. पण आलाच आहात तर नवं माप घ्या ना."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. सवयीने शर्टाच्या खिशात एक कोरी चौकटची तिर्री होती, ती तिने मागून घेतली. शाळेतून आली की ती दुकानात बसायची, मास्तर आकडा सांगायचे आणि ती लिहायची. अक्षरं गिरवायच्या आधी ती टेपवरचे आकडे वाचायला शिकली होती.

मास्तरांनी कोटाच्या आतून टेप फिरवली. अंगठा सव्वीसवर आला. त्यांनी आयुष्यात अर्ध्या इंचाचंही खोटं माप सांगितलं नव्हतं.

"छाती छत्तीस," ते म्हणाले.

तिने मान खाली घालून त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग पान मांडीवर ठेवून तिने सावकाश छत्तीस लिहिलं.

"कंबर?" तिने विचारलं.