नानाची नजर

माझा थोरला भाऊ नाना हॉकीचा सामना बघायचा तेव्हा चेंडूमागे त्याचे डोळे जात नसत, अख्खी मान जायची. पोरं हसायची. नाना म्हणायचा, "हसू दे बे. चेंडू सरळ जाऊनच नाही राहिला, उड्या मारून राहिला."

माणसाशी बोलतानाही तो एकाच जागी बघत राही, हनुवटीकडे नाहीतर कानाकडे. बडा फुहारा चौकातल्या माझ्या कापडाच्या दुकानात एक गिऱ्हाईक भडकलं, "ये भैया घूर क्या रहे हैं?" मी त्याच्या हातातलं कापड ओढून घेतलं आणि त्याला पायरी उतरायला लावली. घासाघीस मी कशावरही ऐकून घेईन, नानावर नाही.

तरुणपणीच नानाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले होते. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. तरी औषधं घेऊन तो तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत नेमाने जायचा. टेबलाशी बसून, गोळा हातात फिरवून तडा शोधायचा. त्यात तो कधी चुकला नाही. एकाहत्तरच्या लढाईत घाई सुरू झाली आणि त्याला सरकत्या पट्ट्यापुढे उभं केलं; गोळे समोरून पळत जायचे. तिथे एक तडकलेला गोळा निसटला.

मुद्दाम सोडला, असा साहेबांचा संशय. डोळे तपासायचं ठरलं. नजर अधू निघाली तर परत टेबल, चांगली निघाली तर घरी. मी नानाला पढवलं, "खालच्या ओळी दिसत नाहीत म्हण."

"दिसते ना मले! खोटं काहून बोलू?"

आणि त्याने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

मी साहेबांशी भांडलो. "साहब, तख्ता दीवार पे टँगा है, भागता थोड़ी है!"

"नज़र ठीक है, तो नीयत खराब है," साहेब म्हणाले. त्या पट्ट्यावर नानाच्या पुढे आणखी दोघे तपासणारे होते. तोच गोळा त्यांच्याही नजरेतून सुटला होता, पण त्यांना कुणी बोलावलंसुद्धा नाही. हे मी अजून विसरलेलो नाही.

बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या आजारात पुष्कळांचे डोळे हलत्या वस्तूमागे झटके खात जातात. तक्ता वाचून ते कळत नाही. "मग तेव्हा कुणी काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो.

तेव्हा नोकरीबरोबर फॅक्टरीचं क्वार्टरही सुटलं, तसा नाना माझ्याकडे आला होता. दुकानामागे कापडाच्या गठ्ठ्यांत डोळे मिटून बसायचा. जेवतानाही उघडत नसे. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याआधी एकदा मी त्याला विनवलं, "नाना, डोळे उघड. माझ्याकडे बघ तरी."

"राहू दे," तो म्हणाला. "दिसलं म्हणून तर काम गेलं ना."