हप्ती

छापखान्यात त्यांच्या माघारी सगळे त्यांना कानामात्राबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा राग त्यांना कधी आला नाही. एकदा कुणीतरी ते नाव खडूनं भिंतीवर लिहिलं, तेव्हा त्यातला राहिलेला एक काना तेवढा त्यांनी आपल्या हातानं भरला. एकतीस वर्षं प्रुफं वाचली बाईंनी. पाठ्यपुस्तक असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एकाही चुकीच्या वेलांटीची त्यांच्यापुढे डाळ शिजली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या घरी बसून धाकट्या बहिणीचं बोलणं दुरुस्त करायला लागल्या. महिन्याभरात बहीण कंटाळली. "ताई, तुला चुका करणारं माणूस हवंय हे मला कळतं, पण ते मी नको," असं म्हणून तिनंच वर्तमानपत्रातलं एक आवाहन कापून पुढ्यात ठेवलं. बायकांच्या तुरुंगात मदतीला माणसं हवी होती. आत असलेल्या आयांनी मुलांसाठी एखादं गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, ते रेकॉर्ड करायचं, आणि पुस्तक नि आवाज दोन्ही मुलाच्या घरी पाठवायचं. आया पुष्कळ आणि मशीन एक, त्यामुळे एकेकीची पाळी तीन महिन्यांनी यायची.

शिवणकामाच्या दालनाला लागून कापडाचे तागे ठेवायची खोली होती. आवाज घुमत नाही म्हणून तीच निवडलेली. पहारेकरीण दारात उभी राहायची, किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडगा मुठीत आवळून.

तिथे शर्टांच्या कॉलरी शिवणारी एक आई आली. तिची मुलगी दोन वर्षांची असताना ती आत आली होती. आता मुलगी चार वर्षांची, मावशीकडे. मावशीचं गाव लांब, भेटीला आणणं जमेना. फोन लावला तर पोर पलंगाखाली लपायची. "ही गोष्ट मीच तिला निजवताना सांगायचे," आई म्हणाली. "एवढी पोचली तर पोचली. नाहीतर तिच्याकडे माझं काहीच नाही."

ओळीखाली बोट फिरवत तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर 'हत्ती' अगदी नीट वाचला. दुसऱ्या पानापासून मात्र त्याचा हप्ती झाला, आणि शेवटपर्यंत हप्तीच राहिला. प्रत्येक पान संपलं की ती विचारायची, "मग हप्तीनं काय केलं?" आणि गप्प. समोरच्या ताग्यांकडे बघत राहायची. मग "हं, बरोब्बर!" म्हणून पान उलटायची. बाईंना वाटलं, बिचारीला वाचता येत नाही, अडखळतेय.

घरी येऊन बाईंनी कानाला हेडफोन लावले आणि कामाला लागल्या. पहिल्या पानावरचा धडधाकट हत्ती उचलून सगळीकडे बसवला. गप्प राहिलेल्या जागा कापल्या. 'हं, बरोब्बर'ही कापलं, कारण ते पुस्तकात नव्हतं. अकरा मिनिटांची गोष्ट सहा मिनिटांवर आली. मग छापखान्यातल्या शिस्तीप्रमाणे, शुद्ध प्रत हाती आल्यावर कच्चं प्रूफ फाडावं, तसं त्यांनी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. याची लाज त्यांना पुढे फार वाटली.

तीन महिन्यांनी आई आली ती मावशीचं पत्र घेऊन. पोरीनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, ही आई नाही, ही रेडिओतली बाई आहे. तिसऱ्यांदा लावू दिलं नाही.

"विसरली हो मला," आई म्हणाली. "दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तिचं तरी काय चुकलं. आता मावशीलाच आई म्हणू दे. माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्या."

काय झालं ते बाईंना त्याच क्षणी कळलं होतं. पोर विसरलेली नाही, आवाज मी बिघडवला, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "असं मनाला लावून घेऊ नये," त्या म्हणाल्या. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होतं.

घरी बहिणीला सांगितलं. ती ताट वाढता वाढता थांबली. "जन्मभर लोकांचे ध चा मा पकडलेस ताई, आणि आता तूच केलास? आणि तिला सांगितलंही नाहीस?"

"मला काढून टाकतील."

"टाकू देत की! ती बाई तिथे स्वतःला दोष देत बसलीय."

बाईंना जेवण गेलं नाही. त्या पुढच्या दोन महिन्यांतही गेल्या, इतर आयांच्या गोष्टी घेतल्या, आता एक श्वासही न कापता. शिवणाच्या दालनातून जाताना ती मान खाली घालून कॉलर शिवताना दिसायची, आणि बाई तोंड फिरवायच्या. अपराध कबूल करायला तुरुंगासारखी जागा नाही, पण नेमकी तिथेच बाईंची जीभ टाळ्याला चिकटायची. काढून टाकतील हे निमित्त होतं. खरी भीती होती ती आपल्याकडे बघेल याची.

तिची पुढची पाळी आली तेव्हा बाईंनी पहारेकरणीला सांगून तिला बोलावून घेतलं आणि खुर्चीवर बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. हत्ती, कापलेल्या जागा, पुसलेलं रेकॉर्डिंग.

ती खुर्चीवर बसली, पुस्तक बाजूला सारलं. मग म्हणाली, "हप्ती तिचा शब्द होता. मला काय हत्ती म्हणता येत नाही?"

"मला वाटलं..."

"आणि मी थांबायचे तिथे ती सांगायची. हप्तीनं काय केलं ते तिनं सांगायचं, असं होतं आमचं." तिचा आवाज चढला. दारातली पहारेकरीण वळून बघायला लागली. "बाई, माझ्या चुकांची इथे फाईल आहे, एवढी जाड. तुम्हाला काढायला हीच सापडली?"

बाईंनी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. पुस्तक पुढे ओढलं. "मशीन लावा," म्हणाली.

या खेपेला काहीच कापलं नाही. हप्ती राहिला, लांबलचक गप्प राहणं राहिलं, पलीकडच्या मशिनींची घरघर राहिली. एका जागी बाईंचं नाक ओढणं आलं होतं, तेही तसंच गेलं.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा तिनं पत्र बाईंच्या हातातच दिलं. मावशीनं लिहिलं होतं, 'पोर ऐकता ऐकता खदाखदा हसली. आई अजून हप्ती म्हणते, असं घरभर सांगत सुटली. आईला कळव, हत्ती म्हणायचं, येत नसेल तर मी शिकवीन, असं म्हणते. अगं, मागच्या वेळची गोष्ट आली तेव्हा हीसुद्धा हप्तीच म्हणायची. चार महिन्यांपूर्वी शाळेत घातली आणि जीभ सुधारली.'

"ओळखलं बघा तिनं मला!" आई हसत होती आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती. बाईंचं बोट मात्र पत्रातल्या एकाच ओळीवर अडलं होतं. हीसुद्धा हप्तीच म्हणायची. म्हणजे पहिल्या वेळी आवाज जसाच्या तसा गेला असता, तर दोघींचा हप्ती एकच असता. तो आता परत येणार नव्हता.

आईनं नवं पुस्तक उघडलं. त्यातही हत्ती होताच, तिनं मुद्दाम शोधून आणला होता. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती थांबली.

"बाई, आता मी काय म्हणू? हप्ती का हत्ती?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं सारा छापखाना बाईंच्या टेबलाशी यायचा, हे बरोबर की ते बरोबर विचारायला, आणि बाई मान वर न करता सांगायच्या.

"मला नाही माहीत गं," बाई म्हणाल्या.