टेपवरचं डफडं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तारांवर आणि टेपवर आहे, तोही बेताचाच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, मजुरांच्या गाण्यांवरच्या एका माहितीपटाचं ध्वनिमुद्रण करायला मी बोरी अरबजवळच्या एका वस्तीत गेलो होतो.

वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. त्याआधी गावात कुणी मेलं की तिरडीपुढे डफडं वाजवणं या लोकांच्याच माथी होतं. दीक्षेनंतर त्यांनी डफडी जाळली. गावानं शेतावरची मजुरी तोडली, तरी कुणी पुन्हा वाजवलं नाही. सगळ्यांत नावाजलेला वादक आता म्हातारा झाला होता. डफडी जाळण्यात त्याचाच मुलगा पुढे होता. आमच्या दिग्दर्शकाला मात्र म्हाताऱ्याचं वाजवणं हवंच होतं. तोंडानं क्रांतीचं कौतुक करायचं आणि सोडलेलं डफडं परत गळ्यात अडकवायचं, याचा मला संताप आला. म्हाताऱ्यानं साफ नाही म्हटलं, तेव्हा बरं वाटलं.

मग दुसऱ्या गावाहून कापूस वेचून आलेल्या बायकांनी कॅमेऱ्यापुढे नवी गाणी म्हटली. म्हातारा त्यांच्यामागे बसला होता, शेजारी पत्र्याचा रिकामा डबा. गाणं संपल्यावर मी हौसेनं सगळ्यांना टेप ऐकवली.

बायकांच्या आवाजाखाली ठेका वाजत होता. संथ, स्वच्छ. तिरडी उचलतानाचा तो ठेका वस्तीत सगळ्यांना ओळखू आला. गाणं चालू असताना तो कुणीच ऐकला नव्हता, कानाला हेडफोन लावून बसलेल्या मीसुद्धा.

सगळे म्हाताऱ्याकडे आणि त्या डब्याकडे बघू लागले.

"बा, काहून वाजवलं?" मुलानं विचारलं.

"म्या नाही वाजवलं. हात काखेत होते माहे."

मुलाला ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्यानं बापाशी बोलणं टाकलं, असं पुढे माझ्या कानावर आलं.

म्हणून फिल्म धुऊन आल्यावर मी हट्टानं ती वस्तीत नेली. तिन्हीसांजेला पडद्यासारख्या ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर चित्र उमटलं, सोबत टेप लावली. बायकांच्या मागे म्हातारा दिसला. गाणंभर त्याचे दोन्ही हात काखेत होते, आणि ठेका वाजतच होता. मुलगा उठून बापाजवळ जाऊन बसला. मी दोन्ही मशिनी बंद केल्या.

अंधारात म्हातारा हळूच म्हणाला, "अजून वाजून राह्यलं. तुले आयकू येते काय?"

मुलानं बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"येते, बा," तो म्हणाला.