सात ओळी मोकळ्या

माझी आत्या नगरपालिकेत लघुलेखक आहे. म्हणजे सभेत लोक बोलतात आणि ती लिहिते. एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत शहरात जे कोणी माइकसमोर उभं राहिलं, खाकरलं, "मी फार वेळ घेणार नाही" म्हणून अर्धा तास बोललं, ते सगळं तिच्या वह्यांत आहे. तिरक्या रेघा, टिंबं, अर्धे गोल. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

घरी आली की वहीवरून ती इतिवृत्त टाइप करायला बसते. कुठे अडलं तर मला हाक मारते, कारण शाळा सुटल्यावर मीही सभागृहात मागच्या बाकावर असते आणि माझ्या कानात माणसं राहतात.

"बिल्डर ‘मी तर म्हणतो’ किती वेळा म्हणाला गं?"

मग मी पोट पुढे काढून नाकातून सुरू करते. "मी तर म्हणतो, गरिबाला घर मिळालंच पाहिजे. मी तर म्हणतो, चांगलं मिळालं पाहिजे. मी तर म्हणतो, जरा लांब मिळालं तर बिघडलं कुठे?"

"तीनदा," आत्या म्हणते. हसत नाही. कामाच्या वेळी ती हसत नाही.

तिच्या कामाचे नियम कडक आहेत. ऐकलं ते लिहायचं. ऐकू आलं नाही तर अंदाजाने लिहायचं नाही, वहीत तेवढ्या ओळी मोकळ्या सोडायच्या आणि नंतर बोलणाऱ्याला विचारून भरायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम, लघुलेखकाने स्वतःचं काही घालायचं नाही. हा नियम एका पंख्यामुळे झाला. आत्याच्या आधीच्या लघुलेखकाने एकदा इतिवृत्तात घुसडून दिलं होतं, "लघुलेखकाच्या डोक्यावर पंखा नाही याबद्दल सभागृहाने तीव्र खेद व्यक्त केला." सभागृहाला पत्ताच नाही. तीन महिन्यांनी पंखा आला, मग चौकशी आली, मग नियम आला. तो नियम नव्यानेच लागलेल्या आत्याने टाइप केला. तिचं ते पहिलं काम.

आमचं घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे आत्या, आजोबा आणि मी. माझे आईबाबा कामासाठी दुसऱ्या शहरात असतात. आजोबा बसमध्ये कंडक्टर होते. आता त्यांना बरंच आठवत नाही. आत्याला ते कधी "बाई" म्हणतात, कधी "पुढच्या सीटवरच्या बाई". मला "हाफ तिकीट" म्हणतात. मी सोळा वर्षांची आहे हे सांगून उपयोग नाही.

रोज सकाळी चहा झाला की ते चामड्याची रिकामी पिशवी खांद्याला लावतात आणि ड्युटीवर निघतात. कालव्याच्या पुलापर्यंत जातात. परत येतात ते स्वतःहून नाही, गल्ली त्यांना आणते. पुलाजवळची शिंपीणबाई मशीन न थांबवता ओरडते, "कंडक्टर, गाडी वळवा." ते वळतात. कोपऱ्यावरचा किल्लीवाला म्हणतो, "साहेब, डेपो डावीकडे." ते डावीकडे येतात. खाली इस्त्रीवाला इस्त्री उचलून जिन्याकडे दाखवतो, "वर सीट रिकामी आहे." की आजोबा वर. तीन वर्षं एक फेरी चुकलेली नाही.

डॉक्टरीणबाई आत्याला म्हणाल्या होत्या, "माझ्या गोळ्यांपेक्षा तुमची गल्ली गुणकारी आहे. काय वाट्टेल ते करा, जागा बदलू नका."

आणि नेमकी जागाच जायची वेळ आली. घरमालकिणीने इमारत बिल्डरला द्यायचं ठरवलं. त्याचंही एवढं काही नव्हतं, कारण नगरपालिकेच्या परवडणाऱ्या घरांच्या धोरणात सातवं कलम होतं. जुनी इमारत पाडून नवी बांधली तर जुन्या भाडेकरूला तिथेच, झेपेल अशा भाड्यात, घर द्यायचं. बांधून होईपर्यंत त्याच गल्लीत सोय करायची. पण नव्या मसुद्यात ते कलम काढलेलं होतं. त्याऐवजी शहराबाहेर, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी, सगळ्यांसाठी एकच वसाहत. बस दिवसातून दोनदा.

हा मसुदाही आत्यानेच टाइप केला होता. सातवं कलम गाळून आठव्या कलमाला सात आकडा देताना तिने दोनदा चष्मा पुसला, एवढं मला आठवतं.

मग जनसुनावण्या सुरू झाल्या. काय एकेक माणूस. निवृत्त शाळामास्तर उठले, बोटं मोजत. "माझे मुद्दे तीन. पहिला मुद्दा असा की मुद्दे मुळात चार आहेत." टेकडीवरच्या बंगल्यातल्या बाई रुमाल नाकाजवळ धरून म्हणाल्या, "आमचा गरिबांना विरोध नाही हं. आमच्याकडे कामाला सगळे तेच आहेत. पण शेजारी म्हणजे कसं, पार्किंगचा प्रश्न येतो." मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, गरिबाची गाडी तुमच्या अंगणात नाही लावणार, गाडी असती तर तो इथे आला असता का?" अध्यक्ष टेबलावर पेन आपटत, "विषयाला धरून, विषयाला धरून." आणि या सगळ्यांच्या मधे, खाली मान घालून, आत्याची पेन्सिल सरसर चाललेली. ज्या कलमावर तिचं घर उभं होतं, त्याच्या विरोधातलं प्रत्येक वाक्य ती नीट, एक शब्द न गाळता उतरवून घेत होती.

"तू का बोलत नाहीस?" मी विचारलं.

"मी कर्मचारी. परवानगी लागते."

परवानगी मागितली तर मुख्याधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही बोलायला उभ्या राहिलात तर लिहिणार कोण?" माणूस वाईट नाही. आवाज मधाळ, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजून घ्या". "एका दिवसाची रजा द्या, मी लोकांत बसून बोलते," आत्या म्हणाली. "सुनावणीच्या दिवशी कशी देऊ, बाई. दुसरा लघुलेखक आहे कुठे. समजून घ्या."

शेवटी आत्यानेच वाट काढली. भाडेकरार आजोबांच्या नावावर आहे. कायद्याने भाडेकरू ते. म्हणजे हरकत त्यांनी घ्यायची. इमारतीत राहणारे बाकीचे भाडेकरू तोवर निघून गेले होते, त्यामुळे बोलणारे तेच एकटे उरले होते. वाक्य एवढंच ठरवलं, "आम्हाला इथंच राहायचं आहे."

आठवडाभर मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. मी अध्यक्ष व्हायचे, पेन आपटायचे. "बोला आजोबा, तुमचं म्हणणं काय?"

"आम्हाला इथंच राहायचं आहे."

"शाबास. आणि?"

"आणि सुट्टे द्या."

"सुट्टे नाही म्हणायचं."

"सुट्टे नाही म्हणायचं," आजोबा म्हणाले. "सगळे असंच म्हणतात."

शेवटच्या सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. बाकं संपली, माणसं दारात, पॅसेजमध्ये, खिडकीत. मी आजोबांना धरून माइकपर्यंत नेलं. आत्याने पेन्सिल वर केली. अध्यक्ष म्हणाले, "बोला आजोबा."

आजोबांनी समोर पाहिलं. गच्च उभी गर्दी. त्यांची पाठ ताठ झाली, हात खांद्यावरच्या पिशवीवर गेला. मला तेव्हाच कळलं.

"चला, आत सरका," आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "दारात उभं राहू नका. मधे जागा आहे."

बिल्डर खरंच दोन पावलं आत सरकला. सभागृहात हशा उसळला. वाईट हसले नाहीत कोणी, पण हसले. अध्यक्ष म्हणाले, "बरं बरं, धन्यवाद आजोबा. भाडेकरूंची बाजू झाली. आता मसुदा मतास..."

आणि आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

एकतीस वर्षांत तिला कोणी सभेत स्वतःचं बोलायला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून आली, माइक आजोबांच्या तोंडासमोरून स्वतःकडे वळवला. मला तिचं सगळं पाठ आहे, जसंच्या तसं.

"अध्यक्ष महाराज, हे माझे वडील. माझं नाव यांना आठवत नाही. आमचा जिना आठवतो. गल्लीत तीन माणसं आहेत, ती यांना रोज घरी आणून सोडतात. आपण म्हणता घर दुसरीकडे देऊ. द्याल. ते यांना सापडणार नाही. सातवं कलम काढू नये, अशी भाडेकरूतर्फे हरकत आहे. नोंदवून घ्यावी."

कुठेही अडखळली नाही, ना पाल्हाळ, ना "मी तर म्हणतो". शाळामास्तरांनी बोटं मोजायची थांबवली होती. टेकडीवरच्या बाईंचा रुमाल मांडीवर आला होता. अध्यक्षांनी मान हलवली आणि सवयीने डावीकडे, लघुलेखकाच्या टेबलाकडे हात केला. "नोंदवून घ्या."

टेबलावर उघडी वही होती, तिच्यावर पेन्सिल. खुर्ची रिकामी.

तेव्हा हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. आत्या परत जागेवर बसली. मतदान झालं नाही, अध्यक्ष म्हणाले, सर्व नोंदी पाहून पुढच्या सभेत निर्णय घेऊ. बाहेर किल्लीवाल्याने मला आणि आजोबांना चहा पाजला. "झालं काम," म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

घरी आत्या टाइप करायला बसली. आजोबांच्या वाक्यापर्यंत आली, "उपस्थितांना आत सरकण्याची सूचना केली. (हशा.)" आणि थांबली. मी वाकून पाहिलं. वहीत (हशा) नंतर सात ओळी मोकळ्या होत्या. परत बसल्यावर तिच्या हाताने आपोआप सोडल्या होत्या. सुटलेल्या मजकुरासाठी सोडतात तशा.

"मला पाठ आहे," मी म्हणाले. "सांगते, लिही."

मी तिच्यासारखे खांदे सरळ केले, हनुवटी जरा आत घेतली आणि तिचाच आवाज काढला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. आजोबा कॉटवरून म्हणाले, "पुढच्या सीटवरच्या बाई बोलतायत." संपल्यावर आत्या म्हणाली, "‘आणून सोडतात’ म्हणाले होते मी?"

"हो."

तिने कागदावर सगळं टाइप केलं आणि सकाळी मुख्याधिकाऱ्यांकडे घेऊन गेली. मी शाळा बुडवून दाराशी उभी. त्यांनी वाचलं. चष्मा काढला.

"बाई, मी तिथेच होतो. खोटं नाही सांगत, मला रात्री जेवण गेलं नाही. पण हे वहीत आहे का?"

"नाही."

"कॅमेऱ्यात?"

सभागृहातल्या कॅमेऱ्याचा आवाज दोन वर्षं येत नाही. त्यात आत्या उभी दिसते, ओठ हलताना दिसतात.

"मग हे तुमचं बोलणं, तुमच्या भाचीने तुम्हाला सांगितलेलं, तुम्ही टाइप केलेलं, आणि खाली ‘मी स्वतः ऐकून नोंदवले’ म्हणून सही तुमचीच. उद्या बिल्डरच्या वकिलाने विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? तुम्हीच सांगा, चालेल का हे?"

मी वाट पाहत होते, आता ती म्हणेल, चालेल. दुसऱ्या कोणी हा कागद आणला असता तर आत्याने काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत होतं. तिलाही.

"नाही चालत," आत्या म्हणाली.

"समजून घ्या," मुख्याधिकारी म्हणाले. कागद त्यांनी परत दिला, दोन्ही हातांनी.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात. वाचतं कोण, तर लघुलेखक. आत्या उभी राहिली आणि वाचलं. "भाडेकरू यांनी उपस्थितांना आत सरकण्याची सूचना केली. हशा. भाडेकरूंतर्फे अन्य हरकत नोंदलेली नाही." आवाज एकसारखा, बातम्या देतात तसा. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला दुरुस्ती सुचवायची आहे?"

ज्यांनी ऐकलं होतं त्यांतले बरेच तिथे होते. पंचवीसेक तरी. शाळामास्तरांचा हात वर गेला. मी बाकाची कड घट्ट धरली. हे तेव्हा बोटं मोजायचे थांबले होते.

"माझा उल्लेख ‘निवृत्त शिक्षक’ असा झाला आहे," मास्तर म्हणाले. "मी निवृत्त मुख्याध्यापक आहे."

आत्याने ती दुरुस्ती लिहून घेतली. इतिवृत्त कायम झालं. सातवं कलम गेलं.

आता दर रविवारी आम्ही तिघं पहिल्या बसने खाणीजवळ जातो. वसाहतीत अजून कोणी राहत नाही. सोळा इमारती, सगळ्या करड्या, सगळ्यांचे जिने उजवीकडे, दारं एकाच रंगाची. ना शिंपीण, ना किल्लीवाला. आम्हाला मिळालं ते घर अकराव्या इमारतीत. आत्या फाटकापाशी आजोबांचा हात सोडते आणि म्हणते, "चला अण्णा, डेपोत." आजोबा निघतात. एकदा चौथ्या इमारतीत शिरले, एकदा नवव्या, एकदा सरळ खाणीच्या कुंपणापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. मी आधी शिंपीणबाईचा आवाज काढून पाहिला, मग किल्लीवाल्याचा. "साहेब, डेपो डावीकडे." हुबेहूब. ते थांबले, वळले, माझ्याकडे पाहिलं, किल्लीवाला कुठे दिसतो का ते पाहिलं. मग हलेचनात.

मागच्या रविवारी आत्याने त्यांना सात वेळा फाटकापासून दारापर्यंत चालवलं. आठव्यांदा ते तिच्याजवळ आले, अगदी सभ्यपणे, अनोळखी प्रवाशाशी बोलावं तसे.

"बाई, तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात," आजोबा म्हणाले. "हा आपला रूट नाही."

"माहीत आहे, अण्णा," आत्या म्हणाली, आणि त्यांचा हात धरून पुन्हा फाटकाकडे निघाली.