गवताचा शेवटचा तुकडा

धसका हे काही त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण घराचं कुलूप तीनदा ओढून पाहणाऱ्या आणि चौथ्यांदा ओढायला अर्ध्या रस्त्यातून परतणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? कापणीयंत्र मात्र तो असं चालवी की न्हाव्यानंही शिकवणी लावावी.

जमीन, यंत्र आणि गवत, तिन्ही त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाची. गवत गुरांचं नव्हे, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळायचं. माणसाच्या डोक्यावर हातभर वाढणारं. एकदा लावलं की पुढं कैक वर्षं नांगर नको. दरसाल कापा, ते पुन्हा फुटतं. नांगर थांबला तशी तिथं बिऱ्हाडं आली. आधी उंदीर, त्यांच्या मागावर मुंगूस, मग तित्तीर, मग ससे. मोकळ्या जमिनीवर बागडणारे चंडोल तेवढे दाटीला कंटाळून निघून गेले. धसक्याला आलेल्यांचा घोर आणि गेलेल्यांची रुखरुख. त्यात मागच्या कापणीत एक ससा पात्याखाली आला, तेव्हापासून यंत्रावर बसण्याआधी तो चाकांखाली वाकून पाहायचा.

यंदा त्यानं युक्ती काढली. यंत्रापुढं बायकोनं पत्र्याचा डबा बडवत चालायचं.

"अहो, लोक म्हणतील, बाईनं गवताची वरात काढली!"

"म्हणू देत. तू बडव."

कापणी नेहमीच्या रिवाजानं सुरू झाली, कडेनं आत, गोल गोल. दुपारपर्यंत पात्याला एक पीसही लागलं नाही. धसका चक्क शीळ घालू लागला. ती ऐकून बायको दचकली. लग्न झाल्यापासून तिनं ती ऐकली नव्हती.

मधोमध घराएवढा तुकडा उरला आणि शीळ थांबली. वारा नव्हता, तरी गवत हलत होतं. एका जागी नव्हे, चहूकडे.

धसक्यानं यंत्र बंद केलं. डबा कडेनं वाजला, म्हणजे जनावरं कुठं पळाली? आत! सगळी वस्ती त्यानं स्वतःच हाकून एका खोलीत कोंडली होती. भोवती नुसते कापल्या गवताचे खुंट, आणि वर दोन घारी घिरट्या घालत होत्या.

तेवढ्यात मेहुणा मोटारसायकलवर आला. "भाऊजी, तिकडं ट्रक उभा आहे. गवताशी गप्पा चालल्यात का?"

"दादा, आत सगळे आहेत."

"सगळे कोण?"

"सगळे!"

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत मेहुण्यानं गवतात पाय टाकला. एक तित्तीर भर्रकन त्याच्या नाकासमोरून उडालं आणि मेहुणा खुंटांवर बसला. कुठं टोचलं ते त्यानं सांगितलं नाही.

बहिणीला हसू आवरेना. "दादा, उद्यापर्यंत राहू दे की. अंधारात निघून जातील बिचारी."

"सकाळी मात्र जमीन मोकळी पाहिजे," मेहुणा पाठ चोळत म्हणाला. "ट्रक थांबायचा नाही."

सकाळी बायको शेताच्या बांधापासून लांबच्या कडेनं तुकड्यात शिरली आणि डबा बडवत बांधाकडे निघाली. बांधावर झुडपं होती, लपायला जागा होती. काहीच बाहेर आलं नाही. धसका तीनदा यंत्रावर चढला, तीनदा उतरला.

"चढा आता, नाहीतर मी चालवते!"

तो बांधाकडे तोंड करून कापत निघाला. अगदी शेवटची पट्टी उरली आणि चाकापुढून ससा उसळला. धसक्यानं यंत्र जागच्या जागी बंद केलं. ससा खुंटांवरून सुसाट निघाला. एक घार खाली झेपावली, बायकोनं हातातला डबा तिच्या दिशेनं भिरकावला, घार बिचकली, ससा झुडपात दिसेनासा झाला.

"पोहोचला हो!" ती धापा टाकत म्हणाली.

धसका अजून उरलेल्या पट्टीकडेच बघत होता.

"अजून एखादा असला तर?" म्हणत तो खाली उतरला आणि तिच्यात रांगत शिरला.